मक्यातली चौदा चित्रं

"माझे हात असे कसे गं काढलेस, ताई?" वेद्रानने कागद उचलून दिव्यासमोर धरला.

"का? काय झालं?"

"मातीने भरलेत."

झाग्रेबच्या ॲनिमेशन स्टुडिओत ल्येर्का बावीस वर्षं मधली चित्रं काढत आली होती. हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र दिग्दर्शक काढणार, मधली सगळी हिने भरायची. हिचं नाव पडद्यावर येईपर्यंत लोक कोट चढवून दाराशी पोचलेले असत. हा सिनेमा युद्धावरून परतलेल्यांच्या हकिकतींचा होता, आणि त्यातला एक तुकडा तिच्या सख्ख्या भावाचा. पहिल्या चित्रात वेद्रान आणि त्याचा मित्र स्टिपो मक्यात शिरतात. शेवटच्यात वेद्रान एकटाच सडकेवर उभा. मधली चौदा चित्रं पडद्यावर जेमतेम सेकंदभराची, पण मधलं वेद्रानला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. बारा वर्षं स्टिपोचा पत्ता नव्हता, आणि त्याची आई, मान्दा मावशी, फिरून फिरून वेद्रानलाच विचारायची.

"शेवटच्या चित्रात तुझ्या नखांत माती आहे," ल्येर्का म्हणाली. "इस्पितळात घासून काढली म्हणून तूच सांगितलंस. शेतात शिरताना हात स्वच्छ. मग मध्ये कुठेतरी भरायला नकोत? मी आपले सातव्या चित्रापासून भरले."

कामाच्या सवयीने बोलून गेली बिचारी. वेद्रानने तो कागद पुन्हा दिव्यासमोर धरला, आणि मधलं सगळं त्याला आठवलं.

"सातव्यात नाही," तो म्हणाला. "अगदी शेवटी. आधी तो कण्हत होता. पोटात लागलं होतं त्याला. शत्रूचे लोक मक्याच्या दोन ओळींपलीकडे. मी म्हटलं, गप रे स्टिपो, गप. गप बसेना. मग मी त्याच्या तोंडावर हात ठेवला."

ल्येर्काने पेन्सिल खाली ठेवली.

"ते निघून गेल्यावर हात काढला. तोवर स्टिपो संपला होता. मग तुतीखाली पुरलं त्याला. डब्याच्या झाकणाने खणलं."

"मावशीला तुतीचं सांगू. हाताचं नको. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना आता."

त्याने दोन्ही सांगितलं. मान्दा मावशीने सगळं ऐकून घेतलं, उठून दार उघडलं आणि तो बाहेर पडेपर्यंत धरून उभी राहिली. स्टिपो तुतीखालीच सापडला. तीन महिने मावशीने त्यांचा फोन उचलला नाही. वेद्रान जेवायचा नाही की बोलायचा नाही, आणि आपण ते हात काढलेच कशाला, असं ल्येर्काला होऊन गेलं.

दफनाच्या दिवशी तो कब्रस्तानाच्या फाटकाबाहेरच थांबला. तिथल्या रीतीने पेटी उचलायला मयताचे चार दोस्त लागतात. तिघे पुढे झाले. मावशी गर्दीतून वाट काढत फाटकापाशी आली.

"आत ये," ती म्हणाली. "एक खांदा कमी पडतोय."

पेटीत हाडंच तेवढी. दोघांनीसुद्धा सहज उचलली असती. वेद्रान मात्र दोन पावलांत अडखळला. मागचे थांबले. मान्दा मावशीही थांबली, त्याच्याकडे न बघता, तो सावरेपर्यंत.