वरच्या रकान्यातला आकडा

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच की काय, चौकशीवाल्या साहेबांनी माझा जबाब आधीच टाइप करून ठेवला होता. म्हणाले, "बाई, वाचा आणि सही करा. तुमचा वेळ वाचेल."

मी म्हटलं, "वेळ गेला तरी चालेल साहेब, आधी चष्मा काढू द्या."

मी नदीची पातळी मोजते. बावीस वर्षं झाली. काठावर खुणा केलेला खांब आहे. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला पाणी कुठल्या खुणेला टेकलंय ते बघायचं आणि नोंदवहीत लिहायचं. लोक मला मोजणीबाई म्हणतात. नदी शेजारच्या देशातून येते. सरहद्दीपलीकडे चार कोसांवर धरण आहे, धरणाखाली असाच खांब आहे, आणि त्या खांबावर असाच एक मोजणारा. आम्ही त्यांना वरचे मास्तर म्हणतो. त्यांचं तोंड मी आजतागायत पाहिलेलं नाही. बिनतारी संचावरून ते आकडा सांगायचे, मी तो परत म्हणायचे, ते "बरोबर" म्हणायचे, मग मी तो नोंदवहीच्या वरच्या रकान्यात लिहायचे. लिहून झाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, असा आमच्या कामाचा रिवाज. आता आकड्याच्या मागेपुढे माणूस दोन शब्द बोलणारच. मास्तरांचे गुडघे, त्यांच्या मुलीचं लग्न, सुनेचे रुसवेफुगवे, सगळं मला त्या खरखरीतून पाठ झालं होतं.

या पावसाळ्यात तिकडच्या सरकारने फर्मान काढलं की धरणाचा एकही आकडा देशाबाहेर जाता कामा नये. आमच्या सरकारशी त्यांची कसलीशी बोलणी फिसकटली होती, त्याचा राग. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका कारकुनाने असाच आकडा वर्तमानपत्राला दिला होता. त्याला जेवत्या ताटावरून उचलला, तो अजून घरी आलेला नाही. फर्मान निघालं त्या दिवसापासून आमचा संच मुका झाला.

अकराव्या दिवशी धरण तुडुंब भरलं आणि त्यांनी कुणाला काही न कळवता सगळी दारं उघडली. चार वाजता आमची खालची वस्ती पाण्यात गेली. अडीचशे माणसं टेकडीवर चढून वाचली, कारण मी त्याआधी जीव खाऊन पळत जाऊन बोंब मारली होती. पाण्याचा रंग बदललाय, फेस आलाय, मला कळतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. लोकांनी मानलं. तरी अकरा माणसं गेली. त्यांतले एक माझे भाऊजी. माझी ताई त्या दिवशी शहरात डॉक्टरकडे गेली होती, म्हणून ती राहिली.

ताई त्याच खोलीत माझ्यामागे बाकावर बसली होती. अकरा घरांतल्या माणसांचेही जबाब घेतले होते. तिने तिच्या जबाबावर सकाळीच सही केली होती. महिनाभर ती बोलतच नव्हती कुणाशी, समोर ठेवाल त्यावर सही करत होती.

कागदावर तीन कलमं होती. पहिलं असं की, शेजारच्या सरकारने सूचना न देता दारं उघडली.

"हे फार मऊ लिहिलंय," मी म्हटलं. "जाणूनबुजून लपवलं, असं लिहा. आकडे बंद केले तेव्हाच त्यांना ठाऊक होतं धरण किती भरलंय. त्यांच्या स्वतःच्या माणसांचीही तोंडं दाबतात, असं निर्दय, निलाजरं सरकार आहे, हे लिहा. माझ्या नावावर लिहा."

कारकुनाने टाइप करता करता मान वर केली. साहेब एकदम खूश. "वा! बाई, तुम्ही तर आमच्या एक पाऊल पुढे."

दुसरं कलम कराराबद्दल होतं. करार मोडला, जगापुढे खटला चालवावा. चालवाच म्हटलं, मी साक्षीला येते, पदरचं खाऊन येते.

मग मी तिसरं कलम वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. लिहिलं होतं: "सीमेपलीकडचे लोक जात्याच कपटी असून त्यांच्यापैकी एकानेही माणुसकीखातर इशारा दिला नाही. सबब अशा लोकांना या भागात राहू देणे धोक्याचे आहे."

मी पेन टेबलावर ठेवलं.

"काय झालं?"

"हे नाही."

"अहो, याच्यातच तर सगळं आहे," साहेब म्हणाले. "लोकभावना आहे ही."

लोकभावना! पुराच्या तिसऱ्या दिवशी आमच्या बाजारातल्या न्हाव्याच्या दुकानाची काच फोडली. तो तिकडचा, पण तीस वर्षं इथे राहतोय, बायको इथली, निम्म्या गावाची डोकी त्याच्या हाताखालून गेलेली. दारं उघडली सरकारने आणि काच फुटली न्हाव्याची. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! मी हे सगळं साहेबांना तोंडावर सांगितलं.

"पण बाई, आत्ताच तर तुम्ही त्यांना निलाजरे म्हणालात."

"सरकारला म्हणाले. पुन्हा म्हणते. हवं तर दाराबाहेर उभी राहून ओरडते. पण सरकार वेगळं आणि त्याच्या हाताखाली दबलेली माणसं वेगळी. एवढंही तुम्हाला कळत नसेल तर ही खुर्ची कशाला अडवलीत?"

कारकून खोकला. साहेबांचा चेहरा उतरला, पण माणूस चिवट. म्हणाले, "ठीक आहे. मग मला एवढंच सांगा, यात खोटं काय आहे? दिला होता इशारा त्यांच्यातल्या कुणी? एकाने तरी?"

इथे मी चष्मा काढून पुसायला घेतला. कारण एकाने दिला होता.

दहा दिवस मुका असलेला संच तीन वाजून दहा मिनिटांनी खरखरला. मास्तरांचा आवाज होता, पण ओळखू येईना इतका घाबरा. "बाई, नऊ पासष्ट. दारं उघडलीत. पळा." आणि मी काय केलं? मी म्हटलं, "नऊ पासष्ट." ते म्हणाले, "बरोबर." जग बुडायला निघालंय आणि आम्ही दोघं रिवाज पाळतोय! त्याहून वाईट म्हणजे, बावीस वर्षांच्या सवयीने माझ्या हाताने मला न विचारता नोंदवही ओढली आणि वरच्या रकान्यात लिहिलं: ३.१०, ९.६५. लिहिलं, आणि मग पळाले. संध्याकाळी परत येईपर्यंत पोलीस नोंदवही घेऊन गेले होते.

आता ती वही साहेबांच्या कोपराखाली होती, आणि तक्रारीबरोबर पुरावा म्हणून तिची नक्कल तिकडच्या सरकारकडे जाणार होती. त्या खांबावर माणूस एकच. वेळ आणि आकडा बघितला की शेंबडं पोरही सांगेल, फर्मान कुणी मोडलं. बोलावं तर मास्तरही जेवत्या ताटावरून उचलले जाणार. न बोलावं तर "एकानेही नाही" हे खरं ठरणार. अशी कात्रीत मान अडकली होती माझी.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी मोजणारी बाई आहे. जे मोजलं तेच लिहिते. तिकडची सगळी माणसं काही मी मोजली नाहीत. तुम्ही मोजलीत का?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी वही उघडली आणि पान माझ्याकडे फिरवलं.

"मग हे काय आहे? दहा दिवस वरचा रकाना कोरा. आणि बरोब्बर पुराच्या दिवशी, तीन दहाला, नऊ पासष्ट. हा आकडा कुठून आला?"

मी त्या आकड्याकडे बघत राहिले. माझंच अक्षर, धावपळीतलं, पण स्वच्छ. बावीस वर्षांत मी एक आकडा खोटा लिहिलेला नाही हो. तापात फणफणले तरी खांबापर्यंत गेले. आई गेली त्या दिवशीसुद्धा बाराची नोंद घेऊन मग घरी गेले, लोकांनी नावं ठेवली, ठेवू दिली. माझ्याकडे दागिना नाही, शिक्षण नाही. ही एक गोष्ट होती.

"खोटा आहे," मी म्हटलं.

"काय?"

"खोटा आकडा आहे. रकाना किती दिवस कोरा दिसत होता. वरून कुणी तपासायला आलं तर काय सांगू, म्हणून मनाने भरला. अंदाजपंचे."

"अंदाजपंचे? सेंटिमीटरपर्यंत?"

"मग काय झालं? नऊ लिहिलं असतं तर खरं वाटलं नसतं. खोटं लिहायचं तर नीट लिहावं माणसाने."

"बाई, सरकारी नोंदवहीत खोटी नोंद. याचा अर्थ कळतो तुम्हाला?"

"कळतो. नोकरी जाईल. जाऊ दे. पण मग ते पानही पुराव्यात लावू नका, खोट्या नोंदीचं पान लावलं तर तिकडचे वकील तुमची सगळी तक्रार उडवून लावतील. पहिली दोन कलमं ठेवा, त्यांवर आत्ता सही करते. तिसऱ्यावर माझा हात कापलात तरी सही मिळायची नाही."

साहेबांनी पान पुन्हा स्वतःकडे फिरवून आकडा वाचला. मूर्ख नव्हता तो माणूस. काहीतरी वास लागला होता त्याला. पण खोटं मी माझ्या गळ्यात घालून घेतलं होतं, ते काढायचं कसं हे त्याला समजेना. शेवटी त्याने कारकुनाला सांगितलं, "लिहा. चौकशी होईपर्यंत कामावरून दूर." आणि ते पान वहीत चिमटा लावून बाजूला केलं. मी पहिल्या दोन कलमांखाली सही केली, तिसऱ्यावर उभी काट मारली आणि बाहेर आले.

खोटं कशाला बोलू, बाहेरच्या बाकावर बसले तेव्हा रडूच कोसळलं. बावीस वर्षं, आणि आता माझ्या नावापुढे कायमचं लागणार, खोट्या नोंदी करणारी.

ताई मागोमाग आली. माझ्यासमोर उभी राहिली. महिन्यात पहिल्यांदा तिने माझ्या डोळ्यांत बघितलं.

"तू मनाने आकडा लिहिलास?"

मी पदराने डोळे टिपले.

"तू? लहानपणी सागरगोट्यांच्या खेळात मी एक गोटा जास्त मोजला म्हणून डाव मोडणारी तू?"

मी नाक पुसलं. काहीच बोलले नाही. तिच्याजवळ न बोलणं मला कधी जमलेलं नाही, आणि ते तिलाही माहीत आहे.

ताई सावकाश वळली आणि दार न वाजवता साहेबांच्या खोलीत गेली. मी मागून धावले.

"माझा कागद द्या," ती म्हणाली.

"ताई, तुमची सही झालीय."

"सही माझी आहे ना? मग खोडायचा हक्कही माझाच." तिने टेबलावरचं पेन उचललं, स्वतःच्या जबाबाचं तिसरं कलम शोधलं आणि त्यावर अशी रेघ ओढली की कागद फाटला.

"अहो, तुमचे यजमान गेलेत," साहेब म्हणाले. "तुम्हाला त्या लोकांचा राग नाही?"

"राग?" ताईचा आवाज चढला. "राग असा आहे की त्या सरकारातला एकेक जण समोर आला तर मी त्याला याच नदीत बुचकळून काढीन. लिहून घ्या हे. पण माझा नवरा दाखवून तुम्ही न्हाव्याच्या काचा फोडणार असाल तर ते मला चालायचं नाही. माझा माणूस गेलाय. त्याचं नाव कशाला वापरायचं ते मी ठरवणार."

आणि ती चालू लागली. कारकून उठून उभा राहिला होता, का ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

कचेरीच्या पायऱ्यांवर आल्यावर तिने माझा दंड धरला. हळूच विचारलं, "तीन दहाला कळलं तुला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी मान हलवली.

"वस्तीवर कधी पोचलीस?"

"तीन पंचविसाला."

"हे कुठे होते?"

हा प्रश्न येऊ नये म्हणून मी महिनाभर तिच्यासमोर जास्त वेळ बसले नव्हते. "ताई, नको."

"सांग."

"टेकडीवर. सगळ्यांबरोबर चढले होते. म्हाताऱ्या शेजारणीला पाठीवर घेऊन चढले."

"मग?"

"पावणेचारला खाली गेले. विहिरीवरची मोटार सोडवून आणतो म्हणाले. मी हात धरला होता, ताई. झटकून गेले. म्हणाले, दहा मिनिटांचं तर काम आहे."

ताई पायरीवर बसली. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट आवळलं. मग म्हणाली, "म्हणजे पलीकडच्या त्या माणसाने यांना वाचवलं होतं."

"हो."

"वाचले होते हे."

"हो, ताई."

तेव्हा ती रडली. महिनाभर डोळ्यांतून टिपूस नव्हतं, ते सगळं तिथे भर दुपारी, रस्त्यावर माणसं येत जात असताना. "अरे मेल्या, हट्टी माणसा," असं म्हणत होती आणि स्वतःच्या मांडीवर मुठी मारत होती. आतून शिपाई धावत आला. "बाई, इथे आवाज करायचा नाही, साहेबांचं काम चाललंय."

मी उठून त्याच्या आणि ताईच्या मध्ये उभी राहिले.

"तिचं रडून होईपर्यंत आम्ही इथून हलणार नाही," मी म्हटलं. "जा, सांग तुझ्या साहेबांना."