लालबीच्या चुलीशेजारी

मित्रांनो, मी एक जुनी विजेची शेगडी आहे. माझ्या मातीच्या थाळीला तडा गेला आहे, तार जागोजागी जोडलेली आहे आणि वायरीची चव उंदरांनी घेतलेली आहे. तरीही माझं ऐका. मला तापायला थोडा वेळ लागतो, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म पुण्यातल्या एका बोळातल्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे दोन कारागीर आणि एक मांजर. १९६६ साली तिथून मला यवतच्या वजीरभाई शिंप्यांनी आणलं ते त्यांच्या बायकोसाठी, लालबीसाठी. तिला दम्यानं धरलं होतं. दौंडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "चुलीचा धूर बंद करा. नाहीतर पुढचा हिवाळा हिच्या छातीला झेपायचा नाही."

धूर बंद करायचा, यावर घराचं एकमत होतं. कशानं, यावर नव्हतं. मुलगा चांदभाई ट्रक चालवायचा. त्यानं पुण्यात ग्यास पाहिला होता.

"अब्बा, ही तार तापणार कवा आन् चहा हुणार कवा? ग्यास आणू. कान पिळला की जाळ!"

"आन् भडकला म्हंजी? घरात बाँब ठिवून मी कापडं शिवत बसू व्हय?"

"वीज तरी घरात कुठं असती? पावणी हाय ती. जेवायच्या येळेला बरूबर जाती."

बापलेक असे तासन्‌तास बोलत. लालबीला कुणी विचारलं नाही. ती खोकत असे, त्यामुळे तिला मध्ये बोलताही येत नसे.

पहिल्याच दिवशी शेजारची साखरबाई हातात खापर घेऊन आली. ती विधवा, एकटी राहायची. दोघी एकाच वर्षी गल्लीत लग्न होऊन आल्या होत्या. तेव्हापासून पहाटे लालबीच्या चुलीतला विस्तव साखरबाईच्या चुलीत जायचा. काड्याची पेटी तिच्याकडेही होती, पण रीत ती रीत. विस्तव मागायला आलेल्या बाईला त्या गल्लीत कुणी रिकामं पाठवत नसे.

"भाभी, इस्तू दे गं," म्हणत तिनं मला न्याहाळलं. "अगं बया, ह्यातला निखारा उचलायचा कसा?"

लालबी हसली. मग तिची नजर त्या रिकाम्या खापरावर गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती वजीरभाई उठायच्या आत चूल पेटवू लागली. फुंकायची, खोकायची, दारातूनच निखारे खापरात घालायची. साखरबाईला वाटे, भाकऱ्या अजून चुलीवरच होतात. ती गेली की लालबी चुलीवर पाणी शिंपडून राख सारखी करायची आणि मला लावायची. मी सगळं बघत होते. पण शेगडीनं बोलायचं कसं? आम्ही फक्त लाल होतो.

खोकला काही हटेना. आळ माझ्यावर आला.

"बघा, विजेनं काय फरक पडला?" चांदभाई म्हणाला, आणि ट्रकवर घालून ग्यास घेऊन आला. मला कोपऱ्यात सरकवलं. खोकला तसाच. मग वजीरभाईंना जोर चढला, "ग्यासच बाधला तिला!" डॉक्टरांनी औषध बदललं. चूल मात्र रोज पहाटे पेटत राहिली, कारण ग्यासमधूनही निखारा निघत नाही.

थंडी पडली. एका पहाटे लालबी चुलीपुढे बसली ती उठलीच नाही. छाती भात्यासारखी हलत होती, श्वास आत जात नव्हता. दारात थांबलेली साखरबाई आत आली. ग्यास गार, मी गार, आणि पेटलेल्या चुलीवर भांडंसुद्धा नाही.

"ही कुणासाठी पेटवलीस गं?"

लालबीनं तिच्या हातातल्या खापराकडे बोट दाखवलं.

"येडी का खुळी तू?" साखरबाईनं खापर खाली टाकलं. "माझ्या घरात काड्याची पेटी न्हाई व्हय? म्या इस्तवासाठी येत हुते व्हय गं? तू दिसतीस म्हून येत हुते!"

तिनं लालबीला दारात वाऱ्याला बसवलं, पाठ चोळली, हाका मारून वजीरभाईंना उठवलं. माझ्यावर पाणी गरम करून घोट घोट पाजलं. लालबीचा श्वास परतला, तशी साखरबाई घरी जाऊन देवापुढचं कुंकू आणि पहार घेऊन आली. चुलीला कुंकू लावलं, हात जोडले आणि चूल फोडली. दुसऱ्याच्या घरातली चूल! वजीरभाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि फुटलेली माती भरायला टोपली आणली.

दुसऱ्या दिवशी ती परात आणि तवा घेऊन हजर. "सरक जरा. आजपासून माझी भाकर हितंच."

गावात कुजबुज झाली. ती म्हणाली, "तवा माझा, पीठ माझं आन् मैतरीन बी माझी. तुमचं काय जळतंय?"

खरं सांगते, माझ्यावर भाकरी फुगत नाही. ती ग्यासवर फुगायची, माझ्याकडे आमटी असायची. बापलेक पुन्हा सुरू झाले, वीज चांगली की ग्यास. हिवाळा सरत आला होता. लालबीनं पूर्ण श्वास घेतला आणि म्हणाली, "दोन्ही राहू द्या. तुम्ही दोघं तेवढं भाईर जा."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायचा आमच्यात रिवाज आहे. मला नाही जपलंत तरी चालेल, माझी जोडलेली तार आता कितीशी टिकणार? पण तुमच्या घरात कुणी खोकत असेल, तर शेगडी कोणती घ्यायची हे ठरवण्याआधी पहाटे एकदा उठा, तिच्याजवळ जाऊन बसा, आणि विचारा की ती कुणासाठी खोकते आहे.