अण्णांच्या यादीतला शेवटचा रकाना

अण्णा गेले आणि आमच्या मंडळाची वधूवर यादी त्यांच्या कॉम्प्युटरात अडकून पडली. जबलपूरच्या मराठी घरांतली लग्नं त्या यादीवरून जुळत. सहीनिशी फॉर्म भरून आल्याशिवाय अण्णा कुणाचं नाव आत घालत नसत, मग सख्खा भाचा का असेना.

मी त्यांची एकुलती एक मुलगी, विनता. सहा वर्षांनी भोपाळहून घरी आले, तीही तेराव्याला. नवरा गेल्यावर मीच लाज गुंडाळून ठेवून विचारलं होतं, "अण्णा, माझं नाव घालता का यादीत?" ते वर न बघता म्हणाले, "विधवेचा रकानाच नाही त्यात." मी त्यांच्याइतकीच तापट. त्याच दिवशी बॅग भरली, ती कायमची. अजून एकटीच आहे.

"यादी नव्या मशीनवर खुलूनच नाही राहिली," मंडळाच्या प्रमोदिनीताई म्हणाल्या. "नावं नंतर पाहू. पहले रकाने कोणते होते ते तरी काढून दे. तुला जमते हे." ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, एवढाच माझा गुन्हा.

यादी फ्लॉपीवर घेऊन राइट टाउनच्या सायबर कॅफेत गेले. ती उघडेल असा प्रोग्रॅम तासभर नेटवर शोधला. जो तो प्रोग्रॅम आधी विकत घ्या म्हणे. शेवटी एक चिमुकला, फुकटातला सापडला. माणसांची नावं तो दाखवत नव्हता. फक्त रकाने आणि कशात किती अक्षरं मावतात ते. मला तेवढंच हवं होतं. नाव, गोत्र, शिक्षण, नोकरी, उंची. कागदावर उतरवत गेले. सगळ्यांत शेवटी होतं, पुनर्विवाह. हो किंवा नाही, एकच अक्षर.

मी कागदाची घडी घालून उठले. तडक प्रमोदिनीताईंचं घर गाठलं आणि कागद पुढे केला.

"अच्छा, हा?" त्या म्हणाल्या. "तू गेली ना, त्याच हप्त्यात जोडला त्यांनी. भांडले सगळ्यांशी. नवे फॉर्म छापले अन् पहिला तुलाच पाठवला. महिनोन् महिने डाकवाल्याची वाट पाहायचे. तू काहून नाही भरला गं?"

पाकीट आलं होतं. वर अण्णांचं अक्षर दिसलं, आत आणखी एखादा टोमणा असेल असं वाटलं, आणि मी ते न उघडताच फाडून टाकलं होतं.