माळावरच्या पांढऱ्या खुणा

मी साळुबाई. लोणीच्या माळाला आमची वस्ती हाय, गावापासनं लांब. माझा आवाज पहिल्यापासनं मोठा. मी अंगणात बोलले की खालच्या वस्तीवरची बाई "काय गं, काय झालं?" म्हणून वर बघती. पण मालकांच्या छातीचं आपरेशन झालं तवापासनं मी ह्या घरात कुजबुजत राहात व्हते, अन् ते माझ्या अगदी जिवावर येत व्हतं.

झालं असं. मागल्या साली रस्ता रुंद करायला आमचं खालचं वावर गेलं. त्यात सासऱ्यांनी सोता खणलेली विहीर व्हती. आधी दगडांवर पांढरा रंग पडला, मंग बाण आले, मंग खुंट्या, अन् मंग मशीन. मालक विहीर बुजस्तवर उन्हात उभे. त्यांचं नाव कुंडलिक. त्यांना बोलायला लावायचं म्हंजी दगडातनं पाणी काढायचं काम. घरी आले, तांब्याभर पाणी मागितलं अन् तांब्या हातात घेऊन तसेच खाली बसले. पुण्याला नेलं, छाती उघडली, वाचले. डाक्टरनं मला बाजूला घेतलं. "आजी, ह्यांना जड काही उचलू देऊ नका. रोज सपाट रानात चालू द्या, चढ नको. आणि मनाला धक्का बसेल असं काही यांच्या कानावर घालू नका."

आजी म्हणाला मेला. पण बाकीच्याची मी मनाशी खूणगाठ बांधली.

सपाट रान म्हणाल तर आमच्या माळासारखं कुटं न्हाई. कुसळी गवत, मधीच बोरी-बाभळी, अन् मधोमध पडकी चुन्याची भट्टी. भट्टीशेजारी घाणी, म्हंजी दगडी गोल चर अन् त्यात बैलानं ओढायचं दगडी चाक. पूर्वी इतं चुनखडी भाजायचे, घाणीत चुना मळायचे, अन् तो गाड्या भरून लांबलांब जायाचा म्हणं. आता भट्टीत घुबडं राहत्यात. मालक रोज सकाळी भट्टीपतूर जायाचे अन् माघारी यायाचे. चेहऱ्यावर जरा रया आली व्हती.

अन् एका दुपारी चुलतदीर भागू शेरडं हाकत दारात आला.

"वयनी, माळावर खुणा पडल्यात बगा. पांढऱ्या. वर बाण काढल्यात. रस्त्यापासनं भट्टीपतूर अन् तितनं तुमच्या बांधाकडं."

मी त्याला दारापासनं लांब वढलं. "हळू बोल की मुडद्या," म्हणलं. "त्यांच्या कानावर ह्यातला एक शब्द गेला तर तुझी शेरडं विकून खाईन मी."

मालक झोपले तशी मी जाऊन बघून आले. दगडादगडावर तोच पांढरा रंग, तसाच बाण. खरं सांगते, जमिनीचं मला तेवढं न्हाई वाटलं. जमीन गेली असती तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण ह्या खुणा त्यांनी बघितल्या, अन् त्यांची छाती पुन्ना बसली, तर? त्या माणसाशिवाय मला ह्या माळावर काय ठेवलंय?

चाकणला पोराला, ऋषीला फोन लावला. तो म्हणाला, "आई, घाबरू नको, सोमवारी तलाठ्याला इचारतो." सोमवारी! मालकांचं फिरणं सोमवारपतूर थांबणार व्हतं व्हय?

मंग मी लबाडी केली. संध्याकाळी भाकरी वाढता वाढता म्हणलं, "अवो, माळाला बिबट्या आलाय. भागूनं बघितला. तुमी आता गावच्या रस्त्यानंच फिरत जावा." आमच्याकडं बिबट्याचं नाव काढलं की कुणी पुरावा मागत न्हाई. मालक भाकरी मोडता मोडता थांबले, माझ्याकडं बघितलं अन् म्हणाले, "बरं."

एका शब्दात ऐकलं! एवढ्या वर्सांत असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, भ्याले बिबट्याला.

दुसऱ्या दिवशी ते जेवून पडले तशी मी पाटीभर शेण डोक्यावर घेतलं अन् माळ गाठला. दिसंल त्या खुणंवर शेण थापलं अन् हातानं सारवून टाकलं. ऊन मी म्हणत व्हतं. पाटी रिकामी झाली तरी भट्टीच्या पलीकडच्या खुणा राहिल्याच. त्या उद्या करू म्हणून माघारी आले, हात धुतले अन् काय झालंच न्हाई अशी चहा टाकायला बसले.

उद्याचा दिवस रविवार. सकाळी मालक फिरून आले अन् गोठ्याच्या सावलीला बाजंवर पडले. मी अंगणात गवऱ्या थापत व्हते. तर बाभळीतनं सात-आठ माणसं बाहेर आली. डोक्याला टोप्या, हातात काठ्या, बूट घातलेले, कपड्यांना सगळी कुसळं. म्हातारीच व्हती बरीचशी. पुढं एक पोरगी, तिच्या एका हातात नकाशा अन् दुसऱ्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा.

डबा बघितला अन् माझं टाळकंच सरकलं. पण मालक भिंतीपल्याड. वरडायची सोय न्हाई. शेणाच्या हातानंच तिच्या अंगावर गेले अन् दात आवळून हळू आवाजात भांडायला लागले. हळू आवाजात भांडणं किती अवघाड असतं ते मला त्या दिवशी कळलं.

"विहीर गिळली, वावर गिळलं, पोट भरलं न्हाई तुमचं? आता माळ पायजे? लाज वाटती का काय? एकदा माणूस मरता मरता वाचलाय माझा. चला, निघा इतनं. अन् मोठ्यानं बोलायचं न्हाई!"

पोरगी दोन पावलं मागं सरली. तीबी हळूच बोलायला लागली, बिचारी. "मावशी, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. आम्ही मोजणीवाले नाही. मी फरहा, जुन्नरची. आम्ही चालायला आलोय."

"चालायला? चालत जायाचं कुटं?"

"कुठंच नाही. भट्टी बघायची आणि पलीकडनं वळसा घालून परत यायचं."

"एवढ्यासाठी जुन्नरवरनं आलाय? मला काय खुळी समजलीस व्हय?"

मागनं एक दाढीवाले बाबा काठी टेकत पुढं आले. तिचे वडील, अमजदभाई. "वहिनी, खरं बोलतेय ती," ते म्हणाले. "आमच्या जुन्नरात जाल तिकडं चढ. किल्ल्याला पायऱ्या, लेण्यांना पायऱ्या. माझे गुडघे गेलेत. ह्या सगळ्यांचं काही ना काही गेलंय, कुणाचा गुडघा, कुणाचा दम. म्हणून पोरीनं चढ नसलेल्या वाटा शोधल्या, आणि बघायला काहीतरी जुनं असेल अशा. ही भट्टी माझ्या आजोबांनी चालवलीय. सरपंचांना विचारून खुणा केल्या आम्ही, आपली म्हातारी माणसं चुकू नयेत म्हणून. तुमची वस्ती भट्टीच्या एवढी जवळ असेल असं वाटलं नाही. तुम्हाला विचारायला हवं होतं, चुकलं आमचं."

"म्हंजी जमीन न्हाई घ्यायची?"

"जमीन घेऊन काय करू ह्या वयात? मला खुर्चीतून उठायला दोन माणसं लागतात."

मला हसू फुटलं. मी तितंच, गवऱ्यांशेजारी, मातीत बसकण मारली अन् पदर तोंडात कोंबून हसले. देवा, फिरायला आलीत! फुकट, उन्हातान्हात, पडकी भट्टी बघायला! काय माणसं असत्यात एकेक. त्यांनाबी हसू आलं. फरहानं मला उठवलं अन् तिच्या हाताला शेण लागलं तरी हात सोडला न्हाई. मोठी गुणाची पोर.

"मावशी, शेण का लावलंत ते कळलं आता," ती म्हणाली. "पण भट्टीच्या पुढचे दगड पालथे का घातलेत? त्यांच्यामुळंच तर आम्ही चुकलो."

"कोन पालथे घालतंय? मी नुसतं शेण लावलं. तसले धोंडे मला हालत्यात व्हय?"

"ते मी घातले," गोठ्याकडनं आवाज आला.

मालक उठून भिंतीला टेकून उभे व्हते. कधीपासनं, कुणास ठाऊक.

"तुमी? तुमी गावच्या रस्त्यानं फिरायला जात व्हता ना?"

"बिबट्या बघायला गेलतो," म्हणाले.

पावणं खुदुखुदू हसायला लागले. मला काय समजंना.

"खुणा भागूच्या आधी मीच बघितल्या," मालक सांगायला लागले. "रोज त्याच वाटंनं जातोय मी. तुला सांगितलं असतं तर तू सगळा गाव गोळा केला असता अन् बीपी वाढवून घेतलं असतं. म्हणून गप बसलो. मंग काल संध्याकाळी पाय मोकळे करायला गेलो तर दगडावर शेण. गाव सगळं आडवं सारवतं, तू एकटी उभं सारवतीस. म्हणलं, ही बी झाकतीया. मंग राहिलेले आज सकाळी मी पालथे घातले. तेवढाच तुझा हेलपाटा वाचला."

आता मात्र माझा ताबा सुटला. खालच्या वस्तीवर ऐकू गेलं असंल. "छाती तारंनं शिवलीया तुमची! डाक्टर काय म्हणाला व्हता? जड उचलायचं न्हाई म्हणला व्हता का न्हाई? अन् तुमी माळावर धोंडे उचलत फिरताय?"

"उचलले कुटं? पहारीनं उलथले."

"पहारीनं!" म्हणलं. अन् तवा कुटं माझ्या डोक्यात खरा उजेड पडला. ज्या भीतीनं मी घास गिळत नव्हते, ती गोष्ट ह्या माणसाला आधीच कळलेली व्हती. धक्का त्यांना बसून गेला व्हता.

मी जवळ गेले. "तुमाला वाटलं व्हतं का, राहिलेली जमीन बी जाणार म्हणून?"

"वाटलं व्हतं."

"मंग? छातीत काय झालं न्हाई?"

"न्हाई. दोन रात्री झोप नव्हती आली. दुसरं काय न्हाई." मंग म्हणाले, "तुझं काय व्हईल ह्याच काळजीत व्हतो."

मी पावण्यांच्या देखत रडले. चांगली भोकाड पसरून रडले, लाज सोडून. आपरेशनच्या येळंला दवाखान्यात डोळ्यातनं टिपूस काढलं नव्हतं, ते सगळं त्या दिवशी बाहेर आलं. मालक आपले "अगं, अगं" करत उभे. फरहा पाणी घेऊन आली. अमजदभाई दुसरीकडं तोंड करून, आमच्या म्हशीकडं लई लक्ष देऊन बघत राहिले.

चहा झाला. फरहाला म्हणलं, खुणा कर बाई, पण पांढरा रंग नको, माझ्या जिवाला घोर लागतो. ती म्हणाली, निळा लावते. मंग मालक उठले, "चला, भट्टी दाखवतो," म्हणाले अन् पुढं व्हऊन निघाले बी. तांब्याभर पाणी मागायला दोन शब्द लागायचे ह्यांना, अन् अमजदभाईंशी बोलत चाललेत. म्हणे घाणीचं चाक कसं फिरायचं ते बापाकडनं ऐकलंय. मला कधी सांगितलं न्हाई ते!

"हळू जावा," म्हणून हाक मारायला तोंड उघडलं व्हतं. पण मारली न्हाई. आत आले, भाकरी खाल्ली अन् तितंच जमिनीवर आडवी झाले. वरीसभर मी एका कुशीवर झोपत व्हते, त्यांच्या श्वासाकडं कान लावून. त्या दिवशी दोन्ही हात पसरून झोपले. मालक माळावरनं कधी आले, मला ठाऊक न्हाई.