पाहुण्याचं नाव

सुहासिनी सदर भागातल्या आपल्या घरी कामाला बसली होती. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं जुनं सॉफ्टवेअर नव्या कम्प्युटरवर चालत नव्हतं, म्हणून त्या नव्याच्याच पोटात तिला एक जुनं मशीन बसवायचं होतं. अशा नुसत्या सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या मशीनला सगळे 'गेस्ट' म्हणतात. सुहासिनी अन् तिचे नागपूरचे साहेब त्याला सरळ पाहुणा म्हणत.

"पाहुणा तयार आहे सर, दुपारी बघून घ्या," ती फोनवर बोलली, आणि आत तिच्या आईनं, कुसुमबाईंनी, लगबगीनं पोहे भिजवले. पोरीला बघायला कुणी येऊन राहिलं, अन् आईलाच पत्ता नाही!

घोटाळा कळल्यावर कुसुमबाई भडकल्या. "मग हा कुठला पाहुणा?"

सुहासिनीनं स्क्रीन दाखवली. "हा दुसऱ्याच्या मशीनमध्ये राहतो, आई. ते मशीन याचं मालक. मालक देईल तेवढीच जागा. घड्याळ मालकाचं लावायचं. भाषा आपण ठरवायची, नावही आपणच नवं ठेवायचं."

"अन् मालक बंद पडला तर?"

"तर हाही बंद."

"मग याले पाहुणा काहून म्हणून राहिली? पाहुणा चहा पिते अन् आपल्या घरी जाते. ही तर सून आहे!"

सुहासिनी हसली. कुसुमबाई हसल्या नाहीत. स्क्रीनवर नावाची चौकट अजून रिकामीच होती.

"तुझं माहेरचं नाव टाकू?"

"शेवंता," कुसुमबाई ताबडतोब म्हणाल्या. "अन् नीट लिहिजो."