झिजलेला शब्द

"बाई, फ्रेल म्हणजे काय हो?" काचेच्या पेल्याभोवती कागद गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं.

बाई आयुष्यभर इंग्रजी शिकवून आता लेकीकडे राहायला निघाल्या होत्या आणि तो त्यांचं सामान बांधायला आला होता. रोज खोक्यांवर चिकटवायचा 'फ्रजाइल' त्याला पाठ होता. हा दुसरा शब्द मात्र त्याने परवा घरी दाराआडून ऐकला होता. माहेरी आलेली त्याची ताई फोनवर आईच्या डॉक्टरांशी बोलत होती. तो आत आला तशी तिने विषय बदलला आणि आईने मान फिरवली. तेव्हापासून त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. ताईची मुलं लांब गेली, घर खायला उठतं, म्हणून ती आईला आपल्याकडे न्यायचा घाट घालतेय; डॉक्टरही तिला सामील असणार.

बाईंनी सांगितलं, दोन्ही शब्द एकाच पोटचे, लॅटिनमधल्या 'मोडणं' या शब्दाचे. फ्रजाइल पंडितांनी पुस्तकातून जसाच्या तसा उचलला, म्हणून तो शाबूत राहिला. फ्रेल पिढ्यानपिढ्या फ्रेंच माणसांच्या तोंडी फिरला आणि त्यातला मधला 'ज' झिजून गेला.

"फ्रजाइल म्हणजे पडली की फुटणारी वस्तू," बाई म्हणाल्या. "फ्रेल सहसा माणसाला म्हणतात. न पडताही खचत गेलेल्या. कोणाला म्हणाले?"

"आईला. पण ती तर ठणठणीत आहे."

बाईंनी गुंडाळलेला पेला त्याच्या हातून घेतला आणि जपून खोक्यात ठेवला.

संध्याकाळी तो घरी आला तर ताई आईच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याचा पारा चढला. डॉक्टरांना कसं फितवलंस, इथपर्यंत तो बोलून गेला. ताईने आईकडे पाहिलं.

"तिला कशाला बोलतोस? मीच बोलावलं तिला," आई म्हणाली आणि तिने बाही वर सारली. कोपरापासून खांद्यापर्यंत काळंनिळं पडलं होतं. जिन्यात दोनदा पडली होती. ताईकडे जिना नव्हता.

त्याने सगळ्यांवर संशय घेतला होता. ऐन उन्हाळ्यातल्या त्या लांब बाह्यांवर तेवढा घ्यायचा राहिला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काम सोडून मला धरून बसला असतास. मला अजून चालायचंय रे."

ताईकडे निघताना जिन्याच्या तोंडाशी त्याने आईला उचलायला हात पुढे केले. आईने मानेनेच नको म्हटलं. मग तो तिच्याकडे तोंड करून, एक पायरी खाली, उलटा उतरू लागला. दोन्ही हात पसरलेले, तिला कुठेही न लागणारे.