सगुणाबाईंचा डावा पाय

"मावशी, मोजा काढा ना," पाळकसाहेब पुन्हा म्हणाले.

सगुणाबाईंनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "माजे नको, साहेब. दुसऱ्यांचे धुवा आधी."

पवित्र गुरुवारची उपासना चालू होती. वेदीसमोर बारा खुर्च्या, त्यांवर मंडळीतली बारा माणसं, आणि पुढ्यात गुडघे टेकून बसलेले शांतवन पाळक. कमरेला टॉवेल, समोर परात, हातात तांब्या. येशूने मरणाच्या आदल्या संध्याकाळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून घोडेगावच्या अलीकडच्या या लहानशा चर्चमध्ये दरवर्षी हा विधी होतो. खुर्चीवर बसणारे त्या दिवशी पाय घरूनच चांगले घासूनपुसून आणतात, हा भाग वेगळा.

पहिली खुर्ची सगुणाबाईंना द्यायची, हे पाळकांनी आधीच ठरवलं होतं. त्या नको म्हणाल्या तेव्हा मंडळी कौतुकाने हसली. येशूचा शिष्य पेत्रसुद्धा आधी नकोच म्हणाला होता. बाईंचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता.

सगुणाबाई भांबळ म्हणजे गावाचं हक्काचं माणूस. नगरच्या एका दवाखान्यात आया म्हणून त्यांची नोकरी झाली, नवरा गेला, आणि निवृत्त होऊन त्या गावी आल्या. निवृत्त झाल्या म्हणजे फक्त पगार थांबला. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, म्हाताऱ्याच्या उशाशी बसायचं, कुणी अंथरुणाला खिळलं की त्याची कूस बदलायची, यांतलं काही थांबलं नाही. शेजारच्या साळूबाईचं अर्धं अंग लुळं पडलं, तिचा मुलगा राधाकृष्ण पुण्याला, म्हणून सकाळ-संध्याकाळ तिचं सगळं सगुणाबाईच करायच्या. कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या रविवारी पाळकांनी व्यासपीठावरून त्यांचं नाव घेतलं. स्वतःला विसरायचं कसं, हे सगुणामावशींकडून शिका, म्हणाले. सगळ्या मंडळीने माना वळवून पाहिलं. बाईंना आनंद झाला, खोटं कशाला सांगायचं. जन्मभर दुसऱ्याचं घाणपाणी काढलेल्या बाईचं नाव असं चारचौघांत कोण घेतो? पण त्याच रविवारी त्या अडकल्या. स्वतःला विसरलेल्या बाईने आता माझा पाय दुखतो म्हणून कुणाच्या दारात जायचं?

तसा तो दुखतही नव्हता, हीच गोम होती. बाईंना जुनी शुगर. तळपाय कधीचे बधिर झालेले. चपलेचा खिळा वर आला होता आणि तळव्यात रुतत होता, तो त्यांना कळलाच नाही. चपलेत रक्त दिसलं तेव्हा कळला. त्यात चाळीस दिवसांचा उपास. दिवस मावळेपर्यंत पोटात काही नाही, आणि गोळी जेवणावर घ्यायची म्हणून सकाळची गोळीही नाही. दवाखान्यात आयुष्य काढलेल्या बाईला हे समजत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण देवाच्या उपासात स्वतःसाठी सवलत मागायची त्यांना लाज वाटली. जखमेत हळद भरली, वर चिंधी बांधली, आणि मुलाचे जुने मोजे चढवले.

सून दिपालीच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं.

"आई, तुमी लंगडताय."

"चप्पल चावली."

"बघू तरी मला. ह्यांना फोन लावते, नगरला दाखवून येऊ."

"त्यो ट्रक घेऊन कुटं गुजरातेत हाय, त्याला कशाला घोर? आन साळूबाईला कोन बघंल? ईस्टर होऊ दे, मग जाऊ."

दिपालीने फोन खाली ठेवला. सासूशी वाद घालणं सोपं असतं. जिचं नाव व्यासपीठावरून घेतलंय, तिच्याशी कसा घालायचा?

आता पाळकांनी हसत हसत बाईंचा डावा पाय हातात घेतला आणि मोजा खाली ओढला. पण त्याआधी त्यांना वास आला. चिंधी मोज्याबरोबरच निघून आली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं, आणि तळव्याकडे पाहवत नव्हतं. पाळकांनी मान खाली घातली ती वर केली नाही. मागच्या बाकांवर अजून गीत चालू होतं. पुढच्या बाकांवर ते थांबलं.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "हे कधीपासून?"

"पानी घाला, साहेब. लोक खोळंबलेत."

पाळकांनी पाणी घातलं नाही. उपासना तशीच सोडून ते उठले. गावातल्या कानिफनाथाचा कांद्याचा टेम्पो बाहेर उभा होता. त्यात गादी टाकली, बाईंना आडवं केलं, दिपाली पायाशी बसली आणि पाळक उशाशी. कमरेचा टॉवेल सोडायचंही त्यांना सुचलं नाही.

टेम्पो नगरच्या वाटेला लागला. मग पाळक म्हणाले, "एलीया संदेष्टा थकून झाडाखाली पडला होता, मरण मागत होता. देवदूत आला. त्यानं उपदेश केला नाही, मावशी. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. नंतर परत उठवून खाऊ घातलं. पुढचा रस्ता लांबचा आहे, म्हणाला."

"म्हाईत हाय मला."

"हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं."

"आता सांगताय व्हय," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. पाळकांना तो असता तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि दिपालीला बाहेर नेऊन सांगितलं. बोटांवर भागणार नव्हतं. विष वर चढलं होतं. थोडं आधी आणलं असतं तर, एवढं म्हणून ते थांबले. दुसऱ्याच दिवशी, शुभ शुक्रवारी सकाळी सगुणाबाईंचा डावा पाय गुडघ्याखालून काढला. ईस्टरच्या दिवशी त्या वॉर्डात पडून होत्या. मुलगा पोचला होता, आणि त्यांना एकच विचारायचं होतं.

"साळूबाईचं कोन करतंय?"

गावातून फोन गेल्यावर राधाकृष्ण शनिवारीच आला होता. एक बाई लावली, चाकाची खुर्ची आणली, आणि आईला मोकळ्या हवेत अंगणात बसवायला सुरुवातही झाली. ज्या प्रश्नापायी बाई दवाखान्यात जात नव्हत्या, तो एका फोनवर सुटला होता. मुलाने ते सांगितलं तेव्हा त्या "बरं झालं" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून खूप वेळ रडल्या. पायासाठी त्या तोवर रडल्या नव्हत्या.

घरी आल्यावर दोनेक महिन्यांनी बुधवारची प्रार्थना सगुणाबाईंच्या ओट्यावर ठेवली. बाई बाजेवर पाय लांब करून बसल्या होत्या. साळूबाईलाही चाकाच्या खुर्चीतून आणून बाजेला लागून बसवलं. ती काही ख्रिस्ती नव्हती, पण सगुणाच्या घरी काहीही असलं की तिला यायचंच असे.

गीत झालं. पाळकांनी विचारलं, "कुणाची विनंती?" कुणी मुलीच्या सोयरिकीसाठी सांगितलं, कुणी नोकरीसाठी. इतकी वर्षं सगुणाबाई या वेळी दुसऱ्यांचीच नावं सांगत आल्या होत्या. आज सगळ्यांचं झाल्यावर त्या म्हणाल्या, "माज्यासाठी करा."

दिपालीने चमकून पाहिलं.

"काय मागू, मावशी?"

"पाय लई दुखतो."

"उजवा? त्याच्यावर भार येत असेल."

"डावा. गेला त्यो." त्या थांबल्या. "बोटं वळत्यात, ठनका मारतो. हात लावाया जावं तर तिथं काय न्हाई. मला सोसना आता."

हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता. पाळकांनी प्रार्थनेसाठी हात जोडले, पण नसलेल्या पायासाठी देवाकडे काय मागायचं ते त्यांना सुचेना.

साळूबाईने आपला चालता हात उचलून बाजेवर टाकला आणि साडीवरून चाचपत विचारलं, "कुटं गं, सगुना? हितं?"

"जरा खाली."

साळूबाईचा हात साडीच्या रिकाम्या घडीवर सरकला आणि हलके हलके दाबू लागला. सगुणाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि तिला दाबू दिलं.